डॉक्टरांच्या गाडीचे पांढरे दिवे

अंजनगाव सुर्जीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, आत एक गाडी मावेल एवढी जागा आणि मागे कापसाच्या जिनिंगच्या जुन्या गोदामाची भिंत. अब्बांनी सुरू केलेलं. ते डायनामो बांधायचे, बॅटऱ्या चार्ज करायचे. त्यांच्यामागे ते मी एकट्यानंच चालवलं.

डॉक्टरसाहेब पहिल्यांदा लाइटची तक्रार घेऊन आले ते दसऱ्यानंतर, कापसाची पहिली वेचणी सुरू होती तेव्हा. ते आमच्या गावातले सगळ्यात जुने डॉक्टर. माझ्या अम्मीचा दमा त्यांनी वीस-बावीस वर्षं सांभाळला. वय सत्तरीला टेकलेलं, पत्नी चार वर्षांपूर्वी वारलेल्या, मुलगा परदेशात. घरी ते आणि त्यांची अँबेसेडर. शेवाळी रंगाची ती गाडी माझ्याहून वयानं मोठी होती, आणि तिच्यावर त्यांनी आमच्याशिवाय दुसऱ्या कोणत्या मिस्त्रीला हात ठेवू दिला नव्हता.

"मिस्त्री, लाइट कमी पडून राहिले," ते म्हणाले. "रस्ता दिसतच नाही."

मी टर्मिनल घासले, बल्ब बदलले, गाडी दिली. पंधरा दिवसांत ते परत आले. तीच तक्रार.

या वेळी मी नीट तपासलं. जुन्या गाड्यांमध्ये हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो. वायर कापडी वेष्टणाच्या, बोटानं दाबल्या की वेष्टणाचा भुगा व्हायचा. बॅटरीपाशी बारा व्होल्ट आणि बल्बपाशी जेमतेम साडेनऊ. मला बरं वाटलं, दोष सापडला म्हणून. पुढून मागपर्यंत सगळं वायरिंग बदलायचं ठरलं. हेडलाइटला वेगळे रिले टाकायचे, म्हणजे करंट बॅटरीतून सरळ बल्बला जाईल.

मागच्या लाइटची वायर ओढायला मी मागची सीट काढली. सीट उचलल्याबरोबर वास आला. फवारणीच्या औषधाचा. नुसता वास नव्हता, घशात बसत होता. सीटखालच्या तागाच्या अस्तरात तो मुरलेला होता. खाली एका बाईची फुटकी बांगडी होती, एक रबरी चप्पल होती. मी शटर पूर्ण वर केलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

ती वर्षं तशी होती. फोन केला की येणारी अँब्युलन्स तेव्हा आमच्याकडे आलेली नव्हती. सरकारी दवाखान्याची एक गाडी होती, ती बहुतेक वेळा आधीच कुठंतरी गेलेली असायची. मग आजूबाजूच्या गावांतून लोक डॉक्टरसाहेबांना फोन करायचे. कोणी फवारता फवारता शेतात पडलेला असायचा, कोणी स्वतःहून घेतलेलं असायचं. डॉक्टर ते विचारत नसत. मागच्या सीटवर टाकायचं, जमेल तेवढं तिथंच करायचं आणि अकोल्याच्या नाही तर अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात पोचवायचं. गाडी स्वतः चालवायची.

वायरिंग पुरं व्हायला आठ दिवस लागले. आता बल्बपाशी पूर्ण बारा व्होल्ट होते. मी स्वतः संध्याकाळी शेजारच्या सुर्जीकडून चक्कर मारून आलो. रस्ता लख्ख दिसत होता, बाजूच्या बाभळींचे काटेसुद्धा. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर गाडी घ्यायला आले. मी शटर खाली ओढलं, अंधार केला, म्हटलं, साहेब, भिंतीकडे पाहा. ते गाडीच्या नाकापाशी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी स्विच ओढला. भिंतीवर दोन गोल उमटले, एक डावीकडे, एक उजवीकडे.

डॉक्टर समोरच पाहत होते, दोन गोलांच्या मधल्या अंधारात.

"लाव ना आता," ते म्हणाले.

"लावले साहेब."

त्यांनी मान डावीकडे वळवली, सगळी, खांद्यापर्यंत. "हं, हा लागला." मग उजवीकडे. "हाही लागला. चांगला आहे."

मी गाडीतून उतरलो आणि त्यांच्या डाव्या बाजूनं पुढे आलो. हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. काय मनात आलं कोण जाणे, मी तो त्यांच्या खांद्याच्या बाजूला, हातभर अंतरावर धरला. त्यांना कळलं नाही. हळूहळू जवळ नेला. त्यांच्या बाहीला टोक लागलं तेव्हा ते दचकले. माझ्याकडे वळून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर पाहिला, मला पाहिलं.

मी शटर वर केलं आणि म्हटलं, "साहेब, एखादा ड्रायव्हर ठेवा ना."

"दोन ठेवले होते. एक पुण्याला गेला. दुसरा म्हणाला, असे पेशंट मागं टाकून मी नाही चालवणार, रात्री झोप येत नाही." ते माझ्या हातातून किल्ली घेत होते. "आणि फोन येतो तेव्हा ड्रायव्हर शोधत बसू का मी?"

ते गाडी घेऊन गेले. गल्लीच्या तोंडाशी पानवाल्याची सायकल लावलेली होती. गाडी तिच्यापासून बोटभर अंतरावरून गेली. त्यांनी पाहिली आणि टाळली, की तिला नुसतं नशिबानं सोडलं, हे मला सांगता येत नव्हतं.

मला तेव्हा बोलता आलं असतं. अम्मीचा दमा आठवला, ती मागची सीट आठवली, आणि मी गप्प बसलो. आपण कोण डॉक्टरला सांगणार की तुमाले दिसत नाही, असंही वाटलं.

महिन्याभरानं ते तिसऱ्यांदा आले. या वेळी त्यांनी तक्रार केली नाही. म्हणाले, "अकोल्यात ते नवे पांढरे लाइट आलेत म्हणे. एलईडी. ते टाक."

मी दुसऱ्या दिवशी एस.टी.नं अकोल्याला गेलो. हेडलाइट, मागचे लाइट, इंडिकेटर, सगळ्यांचे एलईडी आणले. तोवर आमच्या तालुक्यात कोणी जुन्या गाडीला ते लावले नव्हते, मीही नाही. पहिला बल्ब लावला तर पेटलाच नाही. दुसराही नाही. दुकानदारानं खराब माल दिला असं वाटून मी चिडलो. मग लक्षात आलं, या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला लावलेला आहे, जुन्या विलायती पद्धतीनं. साधा बल्ब कसाही पेटतो, एलईडी एकाच दिशेनं पेटतो. मी सगळी जोडणी उलटी केली. मग इंडिकेटर वेड्यासारखे लपलप करायला लागले, त्यांचा फ्लॅशर बदलला. दोन दिवस गेले. अवघड काम करताना माणूस दुसरा विचार करत नाही. त्या दोन दिवसांत मी खरंच खूश होतो.

तिसऱ्या दिवशी शटर खाली घेऊन हेडलाइट लावले.

भिंत पांढरी झाली. सगळी भिंत, आणि वरचे टीनसुद्धा. जुन्या बल्बचा उजेड भिंतीवर पडला की डिपरला वरची कड दिसायची. तिच्या वर अंधार, खाली उजेड. समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून तशी सोय केलेली असते. आता कड नव्हतीच. जुना रिफ्लेक्टर जुन्या बल्बच्या तारेसाठी घडवलेला, त्यात हा नवा दिवा बसत होता पण त्याचा झोत बांधला जात नव्हता. डिपर दिला काय न् अप्पर दिला काय, उजेड सगळीकडे सांडत होता. मी रिफ्लेक्टर खाली झुकवून पाहिला, मागे कागद लावून पाहिला. फारसा फरक पडला नाही.

डॉक्टर आले. भिंतीकडे पाहत उभे राहिले. कडेच्या खिळ्याला कॅलेंडर टांगलं होतं. त्यांनी मान वळवून त्यावरची तारीख वाचली, मग खालचं बारीक अक्षर वाचलं. त्यांचा चेहरा इतका खुलला की मला बघवेना.

"साहेब," मी म्हटलं, "समोरून कोणी आलं तं डोळ्यावर येईन हे. गाडी हळू घ्यावी लागीन. थांबावंच लागीन म्हणा ना."

"थांबेन," ते म्हणाले.

तो हिवाळा मला त्या दिव्यांशिवाय आठवत नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना अकोट रोडकडून तो पांढरा झोत येताना दिसायचा. गाडी त्यांच्या दवाखान्याच्या फाटकातून आत गेली की मगच मी कुलूप लावायचो. खेड्यांतल्या लोकांनाही तो उजेड ओळखू यायला लागला. चौसाळ्याकडचा एक कास्तकार बॅटरी घेऊन आला होता, तो म्हणाला, "फाट्यावर पांढरा लाइट वळला का आमच्याकडे बाया दारात येऊन उभ्या राहातेत. कोनाच्या घरी जाते थे पाहाले." तो सहज बोलला.

पौषात एका पहाटे, अजून उजाडायचं होतं, तेव्हा अकोट रोडवरच्या नाल्यापाशी एक मोपेड खाली गेली. फुलांचा मळा असलेलं जोडपं होतं ते. नवरा चालवत होता, बायको मागे, पुढे-मागे शेवंतीची पोती. अमरावतीच्या पहिल्या एस.टी.त फुलं चढवायला ते गावाकडे येत होते. मला हे दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळलं. नवऱ्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं, बाई वाचली होती. कोणी म्हणालं, कुत्रं आडवं आलं असेल. कोणी म्हणालं, धुकं होतं. मी चहा तसाच ठेवून उठलो. त्या पहाटे डॉक्टरांची गाडी अकोल्याला गेली होती हे मला माहीत होतं. जाताना तिचा आवाज मी अंथरुणात ऐकला होता.

पंधरा दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की धुकंच असेल.

मग ती बाई दुकानात आली. चाळिशीची असेल. मनगटाला पट्टी, पायात चिखल, मळ्यातून तशीच आलेली.

"असे पांढरे लाइट कोनाच्या गाडीले बसवले तुमी?" तिनं विचारलं.

"कावून बाई, काय झालं?"

"आमच्या समोरून आली गाडी. एकदम पांढरं झालं. आमच्या याइले काईच दिसलं नाई, मले बी नाई. रस्ता कुठी अन् नाला कुठी. खाली पडल्यावर आवाज आयकू आला गाडीचा. जुन्या गाडीचा आवाज होता. थांबली नाई. मी बोंबलली, तरी नाई थांबली." ती हे सगळं एकाच सुरात बोलली. "हे नाल्यात पडून होते, पाण्यात, उजाडेपर्यंत. लोक म्हणतेत, गावात असे लाइट तुमीच बसवता."

"आता ट्रकाइले बी असतेत तसे लाइट," मी म्हटलं. "अकोल्याकडून लय ट्रका येतेत."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागच्या फळीकडे. तिथं डॉक्टरांच्या गाडीसाठी आणलेल्या जादा एलईडीचा डबा उघडाच पडला होता.

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

मी भर दुपारी शटर ओढलं आणि दवाखान्यात गेलो. पेशंट संपेपर्यंत बाकावर बसलो. मग आत जाऊन सगळं सांगितलं. माझ्या खोटं बोलण्यासकट.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "कोणती बाजू?"

"उजवी. समोरून येत होते थे."

"वेळ?"

मी सांगितली. ते टेबलावरची प्रिस्क्रिप्शनची चळत सरळ करत राहिले. "त्या दिवशी मागे एक पोरगी होती. वीस-एकवीसची. तिची आई तिचं डोकं धरून बसलेली. ती पोरगी वाचली." चळत खाली ठेवून म्हणाले, "मला काहीच दिसलं नाही, मिस्त्री. ना मोपेड, ना माणसं. मला फक्त माझाच उजेड दिसत होता."

मग त्यांनी सांगितलं. काचबिंदू. तीन वर्षांपासून त्यांना स्वतःला माहीत होतं. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेलेली, उरलं ते नळीतून पाहावं तसं, आणि तेही अंधारात मंद. औषध टाकत होते, पण गेलेलं परत येत नाही.

"मले मालूम होतं साहेब," मी म्हटलं. "त्या दिवशी भिंतीपाशी."

"मलाही माहीत होतं की तुला माहीत आहे. म्हणून तर तुझ्याकडे परत आलो. दुसऱ्या मिस्त्रीनं विचारलं असतं."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. त्यांनी ते मला बोल लावायला म्हटलं नव्हतं. ते खरं होतं एवढंच.

त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "काढून टाक ते लाइट. आणि मला त्यांच्या मळ्यात ने."

माझ्या स्कूटरवर मागे बसून ते आले. मळ्यात बाजेवर तो फुलवाला पडलेला होता, पायाला प्लास्टर. डॉक्टरांना पाहून तो उठायला लागला, त्यांनी खांद्याला धरून निजवलं. प्लास्टर पाहिलं, पायाची बोटं दाबून पाहिली, बोटं हलवायला लावली. मग तिथंच उभं राहून सांगितलं, "ती गाडी माझी होती. मी चालवत होतो."

तो माणूस लहानपणापासून त्यांच्याच औषधावर वाढलेला. "तुमी असान तं मंग मी काय बोलू साहेब," तो म्हणाला.

बाई दारात उभी होती. तिनं मात्र विचारलं. "थांबले कावून नाई?"

"दिसलं असतं तर थांबलो असतो."

"दिसत नाई तं चालवता कावून?"

डॉक्टर म्हणाले, "चूक झाली." एवढंच. मागच्या सीटवरच्या पोरीचं त्यांनी तिला सांगितलं नाही. मला वाटत होतं सांगतील. मीही सांगितलं नाही. बाईनं आत जाऊन तीन कप चहा आणला, कप खाली ठेवले आणि पुन्हा दारात जाऊन उभी राहिली. डॉक्टरांनी कपासाठी हात पुढे केला, तो बाजूला पडला. तिनं ते पाहिलं. मग जवळ येऊन तिनं कप त्यांच्या हातात दिला.

डॉक्टरांनी त्या पायाचं पुढचं सगळं पाहिलं, अकोल्याचं ऑपरेशनसुद्धा. तरी पाय दोन बोटं आखूड राहिला. मोपेड आता बाई चालवते.

मी एलईडी उतरवून साधे बल्ब परत बसवले. गाडी माझ्या दुकानात उभी राहिली. वीसेक दिवसांनी एका सकाळी दवाखान्यात फोन आला. सरकारी गाडी नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, मी आता गाडी काढत नाही, दुसरं काही बघा. त्या लोकांनी टेम्पो शोधला. टेम्पो मिळेपर्यंत तास गेला. माणूस वाटेतच, अकोटच्या अलीकडे, गेला. टेम्पोवाला संध्याकाळी बसस्टँडवर सांगत होता, मी ऐकलं आणि दवाखान्याकडे चालत गेलो. डॉक्टर व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. त्यांना कोणी सांगितलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

"साहेब, गाडी मी चालवतो," मी म्हटलं.

"दुकान?"

"होईन काई तरी."

ते म्हणाले, "त्या ड्रायव्हरसारखं, झोप येणार नाही तुला."

"आता बी कुठी येते," मी म्हटलं.

पुढची दोन वर्षं, नवी अँब्युलन्स येईपर्यंत, मी ती गाडी चालवली. डॉक्टर मागे बसायचे, पेशंटचं डोकं मांडीवर घेऊन. त्यांची नजर तोवर बरीच गेली होती. नाडी, श्वास, अंगाचा ताप, सगळं ते बोटांनी पाहायचे. मी आरशात पाहायचं टाळायचो. मागून आवाज आला की वेग वाढवायचा, आवाज थांबला की विचारायचं नाही, एवढं मला कळायला लागलं होतं. किती पोचले आणि किती नाही, हे मी मनात ठेवलं नाही. ठेवता आलं नसतं.

त्याच काळात एकदा ती बाई दुकानात आली, मोपेडचा लाइट दुरुस्त करायला. काम होईपर्यंत ती उभीच होती. मी बल्ब लावला, हात पुसले.

"तुमी त्या दिवशी खोटं बोलले," ती म्हणाली. "ट्रकाचं. मले तवाच समजलं होतं."

"हो," मी म्हटलं.

"मंग तरी आनलं त्याइले मळ्यात. थे बी समजलं." तिनं मोपेड सुरू केली आणि गेली. यापलीकडे आमच्यात त्या विषयावर कधी बोलणं झालं नाही.

आता सगळ्याच गाड्यांना पांढरे लाइट आहेत. मोटरसायकलींना, ट्रॅक्टरला, उसाच्या ट्रॉलीलासुद्धा. तेव्हा नुकते यायला लागले होते. एकदा अशाच अंधाऱ्या पहाटे आम्ही अकोल्याला पेशंट पोचवून रिकामे परत येत होतो. अकोट मागे पडलं होतं. समोरून तसा झोत आला. रस्ता नाहीसा झाला, बाभळी नाहीशा झाल्या, माझे स्टिअरिंगवरचे हातसुद्धा मला दिसेनात. मी गाडी डाव्या अंगाला कच्च्यावर घेतली आणि ब्रेक दाबून थांबलो.

मागून डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?"

"गाडी येऊन राहिली साहेब समोरून."

"किती लांब आहे?"

"समजत नाई."

"मग थांब," ते म्हणाले. "जाऊ दे तिला."

आम्ही इंजिन चालू ठेवून तसेच बसून राहिलो.